पाच दिवस गोळ्या बंद

२१ जून, शनिवार

दुकान दोन ते चार बंद असतं. मालक जेवायला घरी जातात, मी शटर अर्ध्यावर ओढून काउंटरमागं बसते. ही डायरी एका औषध कंपनीच्या माणसानं दिलेली, जानेवारीपासून कोरी पडली होती. मामांचं बीपी, वजन, लघवी रोज लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून काढली. पण नुसते आकडे लिहून हात थांबत नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, गणपती. तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते. किडन्या बीपीनं आधीच निम्म्याच्या वर खाल्लेल्या, क्रिएटिनिन एकच्या आसपास हवं, ते तीनच्या पुढं. त्यात सहा मेला छातीत कळ आली आणि हृदयाच्या नळीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवावी लागली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सुरू आहेत. सुट्टी देताना डॉक्टर राजवर्धन म्हणाले होते, "किडनीच्या पेशंटचं रक्त गोठतंही लवकर आणि वाहतंही लवकर. मला विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही." माझ्याकडं बघून म्हणाले. मी फार्मासिस्ट आहे हे मामांनी त्यांना आल्या आल्याच सांगितलं होतं.

ते सगळ्यांनाच सांगतात. "आमची सून औषधातली हाय. तिला इचारा." लग्न झालं तेव्हा मी नुसती बारावी होते. डी. फार्मसीला जायचं म्हटल्यावर आत्ती, म्हणजे सासूबाई, आठ दिवस बोलल्या नाहीत. मामांनी मात्र कंपनीत दुसरी पाळी मागून घेतली आणि दोन वर्षं रोज सकाळी मला एम-एटी गाडीवरून कॉलेजला सोडलं. आता आमच्या गावातली, गडमुडशिंगीतली, निम्मी माणसं मला फोन करून गोळ्या विचारतात. मला ते आवडतं. खोटं कशाला लिहू.

मामांची दाढ दुखतेय. लवंग धरून बसलेत.

२ जुलै, बुधवार

गाल सुजला, म्हणून मामांना दुकानाजवळच्या डॉ. संयोगितांकडं दाखवलं. दाढ काढावीच लागेल म्हणाल्या. पण फाइल वाचून थांबल्या. "स्टेंटला अजून दोन महिने झाले नाहीत. गोळ्यांचं काय करायचं ते हार्टच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. पुढच्या बुधवारी काढू."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "लिहून कशाला आणाय पायजे? तू हाईस की." मी हसले.

३ जुलै, गुरुवार

हार्टच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर शनिवारपर्यंत बाहेरगावी, मग पेशंटला घेऊन या, नंबर लावा. म्हणजे अख्खा दिवस. नागसेनला, माझ्या नवऱ्याला, सुट्टी नाही. त्याच फाउंड्रीत आहे तो, नवं काम आलंय, सुपरवायझर जागेवरून हलू देत नाही. दुसऱ्या काउंटरवरची रजेवर, त्यामुळं मलाही नाही.

साडेअकराला मामांचा फोन. काउंटरवर सहा गिऱ्हाइकं उभी.

"रूपाली, त्या गोळ्यांचं काय करू?"

"उद्यापासून दोन्ही बंद करा. पाच दिवस."

"डाक्टरला इचारलंस?"

"मामा, मी आहे ना."

"मग झालं की," म्हणाले आणि फोन ठेवला.

ऑपरेशनच्या आधी पाच दिवस बंद, हे मी दुकानात शंभर वेळा ऐकलंय. चिठ्ठ्यांवर वाचलंय. नवीन काही सांगितलं नाही.

दुपारी डॉ. संयोगितांचा फोन आला. "विचारलंत का हो?"

"हो. पाच दिवस बंद ठेवा म्हणाले."

"लिहून दिलंय?"

"बुधवारी आणते."

किती सहज निघालं तोंडातून. शनिवारी डॉक्टर राजवर्धन आले की फोन करून विचारते. म्हणजे ते खोटं राहणार नाही.

५ जुलै, शनिवार

फोन केला नाही. इथं 'विसरले' असं लिहिणार होते. पण दीड वाजता आठवलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कुठं त्रास द्या, असं वाटलं. आणि समजा त्यांनी 'बंद का केल्या' असं विचारलं असतं तर?

मामा ठीक आहेत. भाकरी दुधात कुस्करून खातात.

८ जुलै, मंगळवार

सकाळी आठला मामा अंगणात दाढी करत होते. आरसा खाली पडला म्हणून मी बाहेर आले. ते भिंतीला टेकून बसलेले, अर्ध्या गालाला साबण, घामानं बनियन भिजलेलं. "तसंच हुतंय," म्हणाले. "मे म्हयन्यासारखं."

शेजारच्यांच्या गाडीतून नेलं. डॉक्टर राजवर्धननी पडद्यावर बघितलं आणि बाहेर येऊन एकच वाक्य बोलले, "जाळीतच गुठळी झालीय." परत आत गेले.

१० जुलै, गुरुवार

नळी उघडली. जीव वाचला. पण हृदयाचा पुढचा भाग फारसा हलत नाही आणि तपासणीत जे औषध शिरेतून सोडतात ते किडन्यांना सोसलेलं नाही. क्रिएटिनिन पाच पूर्णांक सहा. लघवी अगदी थोडी.

आज आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं, पावसाळ्यातले तीन महिने चालणारं, वाचन सुरू झालं असेल. आत्ती दरवर्षी पहिल्या रांगेत बसतात. आज त्या आयसीयूच्या बाहेर फरशीवर बसून आहेत.

११ जुलै, शुक्रवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी डॉक्टर राजवर्धन कॉटपाशी आले. नागसेन, आत्ती आणि मी उभे होतो. डॉक्टर म्हणाले, "काका, गोळ्या चालू होत्या का?"

मामा म्हणाले, "न्हाय. शुक्रवारपास्नं बंद हुत्या."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

नागसेननं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मामा बोलले. "कोण सांगतंय? मीच बंद केल्या. दाढ काढायची हुती. म्हटलं, रगात जाईल."

"सुनेला नाही विचारलं? त्या फार्मासिस्ट आहेत ना?"

"तिला इचारलं असतं तर तिनं करू दिल्या असत्या व्हय? म्हणून तर न्हाय इचारलं."

डॉक्टरांनी मान हलवली. नागसेन कपाळाला हात लावून बाहेर गेला. मी ग्लास धुवायला म्हणून नळापाशी गेले आणि तिथंच उभी राहिले.

रक्तात युरिया वाढला की माणूस भ्रमतो, हे आम्हाला शिकवलंय. मामांना फोन आठवतच नसणार. त्यांना वार बरोबर आठवला, दाढ आठवली, पण फोन नाही. होतं असं.

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहिते. आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःची शिसारी आली.

१८ जुलै, शुक्रवार

बुधवारपासून डायलिसिस सुरू झालं, मानेत नळी घालून.

डॉ. संयोगितांनी चौकशीला फोन केला. मी सांगितलं. गुठळी, डायलिसिस, एवढंच. त्यांनी तारीख विचारली. मग म्हणाल्या, "अहो, गोळ्या चालू ठेवूनही दाढ काढता येते. दोन टाके घालायचे आणि कापूस दाबून धरायचा. मी तसंच करणार होते. पण तुमच्या डॉक्टरांनी बंद करा म्हटल्यावर मी गप्प बसले. मीच एक फोन करायला हवा होता त्यांना. चुकलंच माझं."

मी म्हणाले, "तुमचा काय दोष."

एवढंच म्हणाले. दोष कुणाचा, हे नाही सांगितलं.

२७ जुलै, रविवार

मामा घरी आले. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यात चहा आला, आमटी आली. तीस वर्षं भट्टीसमोर तांब्या तांब्या पाणी पिलेला माणूस.

आत्ती दिवसभर त्यांना बोलतात. भांडी घासताना, पीठ मळताना, त्यांचे पाय चेपतानासुद्धा. "लई शाणा ना तू! घरात शिकलेली पोरगी हाय, तिला इचाराय तोंड नव्हतं? दाढंसाठनं जीव घालवाय निघालावतास. आता बस नळी लावून."

मामा ऐकून घेतात. मी डोळे पुसत पोळ्या लाटत होते. आत्ती मला म्हणाल्या, "तू कशाला रडतीस गं? तू मर मर मरतीस दुकानात, आनि ह्यो म्हातारा असं करून ठेवतोय."

मामा म्हणाले, "तिला जाऊ दे दुकानाला. उशीर हुतोय."

रविवारी दुकान बंद असतं.

९ ऑगस्ट, शनिवार

श्रावण पौर्णिमा. संध्याकाळी विहारात गेले, आत्तींनी हट्टानं नेलं. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला माझा आवाज निघेना. खोटं न बोलण्याचं. आजूबाजूच्या शंभर बायका एका सुरात म्हणत होत्या. माझे नुसतेच ओठ हलले.

परत येताना आत्ती म्हणाल्या, "घसा बसलाय का? काढा करतो घरी गेल्यावर." केला. आलं, तुळस, गूळ. मी पिले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मामांच्या गोळ्या आता मी एकेक करून हातावर देते, गिळेपर्यंत उभी राहते आणि तोंड उघडायला लावते. नागसेन म्हणाला, "पोलीस झालीस की गं." मामा मुकाट्यानं तोंड उघडतात. त्यांच्या हिरड्यांतून थोडं रक्त येतं. दंडावर निळे डाग आहेत. किडनीच्या पेशंटला येतंच. गोळ्या चालू आहेत हे महत्त्वाचं.

२४ ऑगस्ट, रविवार

मामांनी मला बाजूला बोलावलं. "परसाकडं काळं हुतंय. डांबरागत."

"कधीपासनं?"

"तीन दिस झालं."

मी म्हणाले, "लोहाची गोळी सुरू केलीय ना, त्यानं होतं."

होतंच त्यानं. पुस्तकात आहे. पण पोटातल्या रक्तानंही तसंच होतं, हेही त्याच पुस्तकात आहे. डॉक्टरांना फोन केला तर ते गोळ्या बंद करतील. बंद केल्या की जाळीत पुन्हा गुठळी होईल. एकदा बंद करून बघितल्यात मी. आता नाही.

मंगळवारी डायलिसिसला जातीलच, तेव्हा सांगू.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नाही सांगितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. तेही काही बोलले नाहीत.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी मामा न्हाणीच्या दारात कोसळले. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक नऊ. दुर्बिणीनं बघितलं तर जठरात जखम, त्यातून रक्त झिरपत होतं. आठवड्याभराचं असेल म्हणाले. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या.

डॉक्टर राजवर्धननी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. "काळं होत होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हणाले, "माझ्या आलं होतं. गेल्या रविवारी."

"मग?"

"तुम्ही गोळ्या बंद कराल म्हणून नाही सांगितलं." आणि मग थांबताच आलं नाही. "सर, जुलैत त्यांनी बंद केल्या नव्हत्या. मी करायला लावल्या. तुम्हाला न विचारता. दातांच्या डॉक्टरांना मी खोटं सांगितलं, तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "ते स्वतः बंद करतील असं वाटलं नव्हतं मला. मे महिन्यात दोन वेळा आले, प्रत्येक गोळीचं नाव पाठ होतं." मग म्हणाले, "रूपालीताई, या पेशंटचा पाय दोन्ही बाजूंनी घसरतो. गोळी थांबली तर गुठळी, चालू ठेवली तर रक्तस्राव. मलाही दर वेळी नेमकं कळतं असं नाही. मी दोन जणांना विचारतो आणि मग ठरवतो. तुम्ही एकटीनं ठरवलंत. दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा," मी म्हणाले.

"पहिल्यांदा धाडस, दुसऱ्यांदा भीती. माझा नंबर आहे ना तुमच्याकडं? मग कितीही वाजता करा."

अ‍ॅस्पिरिन बंद केली. दुसरी गोळी चालू ठेवलीय, जठरासाठी औषध वाढवलंय. यानं भागेल का, विचारलं. "बघू या," म्हणाले. ते असं म्हणू शकतात. मला ते कधी म्हणता आलं नाही. लोकांनी विचारलं की उत्तर द्यायचंच, अशी सवय झाली होती.

३ सप्टेंबर, बुधवार

मामांना काल डायलिसिस करूनच घरी सोडलं. आज दुपारी नागसेन दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी मी सगळ्यांना बसवलं. मामा कॉटवर होते.

आत्तींनी सुरुवात केलीच होती. "काळं हुतंय हे तरी सांगायचं का न्हाय? का तेबी तूच ठरवलंस?"

मी म्हणाले, "आत्ती, त्यांनी सांगितलं होतं. मला."

मामा म्हणाले, "रूपाली. चा ठेव जा."

"नाही मामा. आधी बोलू द्या."

"चा ठेव म्हणतोय न्हवं!"

एवढ्या मोठ्यानं ते गेल्या दोन महिन्यांत बोलले नव्हते. पण मी सांगितलं. सगळं, फोनपासून. सहा गिऱ्हाइकं उभी होती हेही सांगितलं, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

नागसेन उठला. "मला तवाच वाटलंतं," म्हणाला, आणि चपला घालून गेला. डबा तसाच राहिला.

आत्ती माझ्याकडं बघत नव्हत्या. मामांकडं बघत होत्या. "दोन म्हयनं," त्या म्हणाल्या. "दोन म्हयनं मी तुला टाकून बोलतोय. रोज. आनि तू गप ऐकून घेतलंस? मला का बोलू दिलंस?"

मामा म्हणाले, "तुझं बोलणं ऐकायची मला पंचेचाळीस वर्सांची सवय हाय. तिला न्हाय."

मला तेव्हा कुठं कळलं. फोन त्यांना पहिल्यापासून आठवत होता.

आत्ती उठून मागच्या दारी गेल्या. मामांनी माझ्याकडं पाठ केली. भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "एक गोष्ट जमली हुती मला ह्या आजारात. तीबी ऱ्हाऊ दिली न्हाईस."

८ सप्टेंबर, सोमवार

डॉ. संयोगितांकडं जाऊन सांगितलं. त्यांचं पाणी पिणं अर्ध्यावर थांबलं. "मी दोन महिने झाले, कुणाचीही दाढ काढायच्या आधी तुमच्या सासऱ्यांना आठवते," म्हणाल्या. "रात्री झोप नाही मला." मग म्हणाल्या, "आता तुम्ही जा. मला थोडा वेळ द्या." मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

दुकानात मालकांनाही सांगितलं. गिऱ्हाइकाला काही सांगितलं नव्हतं, घरचंच आहे, म्हणून कामावर ठेवतो म्हणाले. पण आता माझ्यामागं उभे राहून ऐकतात. ऐकू देत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घरात बोलणं नाही. गोळ्या नागसेन देतो. डायलिसिसला तोच नेतो, पाळी बदलून घेतलीय. आत्ती माझं ताट वाढून ठेवतात आणि दुसऱ्या खोलीत जातात. आता त्या मामांना बोलत नाहीत. घर इतकं शांत झालंय की मामांनाच करमत नसावं. काल म्हणाले, "सरू, काय तरी बोल की." आत्ती म्हणाल्या, "काय बोलू?"

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे नागसेनला कंपनीतून बोलावणं आलं, भट्टीत काहीतरी बिघडलं. दारात उभा राहून म्हणाला, "आज तू जा बाबांसंगं." तेरा दिवसांतलं पहिलं वाक्य. मग म्हणाला, "हिमोग्लोबिन बघाय सांग. आनि गोळी नऊला." मी म्हणाले, "हो." त्यानं गोळी माझ्या हातात ठेवली.

हिमोग्लोबिन साडेआठ. काळं थांबलंय.

२२ सप्टेंबर, सोमवार

आत्ती आज बोलल्या. भाकऱ्या थापत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुला शिकीवलं तेच चुकलं असं म्हणून मी भांडलो त्याच्यासंगं. परवा." मी पिठाचा डबा पुढं सरकवला. "तर म्हणतोय, शिकीवलं नसतं तर मे म्हयन्यात मला गाडीत कुणी घातलं असतं? तिनंच वळाकलं." चूल फुंकून म्हणाल्या, "त्याचं त्यो बोलला. माझं अजून काय ठरलं न्हाय." मग माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

दुपारी मामा एकटे होते. धाडस करून विचारलं, "मामा, मला माफ केलंय का तुम्ही?"

त्यांनी मानेतल्या नळीची पट्टी बोटानं दाबून बघितली.

"न्हाय म्हाईत," म्हणाले. "घरी असलो की वाटतं, झालं गेलं. पोरीच्या हातनं चूक झाली. पण तिथं मशीनला जोडत्यात ना, ते रगात नळीतनं बाहेर जाताना दिसतंय, तवा तुझा राग येतोय. लई येतोय. चार तास काय करनार, पडून ऱ्हायाचं. तवा पानी प्यावंसं वाटतंय आनि तुझं नाव तोंडात येतंय."

मी मान खाली घालून ऐकत होते.

"गेल्या मंगळवारी तू बाजूला बसलीवतीस. तवा न्हाय आला." त्यांनी पट्टीवरचं बोट काढलं. "म्हणून येत जा."

उद्या मंगळवार आहे. नागसेनला सांगितलंय, मी नेते. तो बरं म्हणाला.